ग्रामोफोन प्लेटा, नग ६१

प्रति,
महाराष्ट्रातील ग्रंथालय संघांचे पदाधिकारी आणि सभासद

विषय : संगीत ग्रंथपालांचा संघ, निदान आपल्या संघात त्यांचा कायमचा विभाग

स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात मी एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. आमच्या जुन्या दाखलनोंदवहीत निळ्या शाईत एक ओळ आहे : 'ग्रामोफोन प्लेटा, नग ६१, देणगी.' संपलं. कोण गातंय, काय गातंय, कुठल्या कंपनीची तबकडी, कशाचाच पत्ता नाही. त्याच पानावर वरखाली कादंबऱ्या आणि चरित्रं आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला लेखक आहे, प्रकाशक आहे, आवृत्ती आहे, पानं किती आणि किंमत किती हेही आहे. तबकडीला दोन बाजू असतात, म्हणजे १२२ गाणी, आणि त्या सगळ्यांना मिळून एक ओळ. ज्यांनी ती लिहिली ते ग्रंथपाल हलगर्जी नव्हते. अक्षर मोत्यासारखं, नोंदी चोख, जिथे खाडाखोड झाली तिथे शेजारी सही. पुस्तक कसं नोंदवायचं हे त्यांना शिकवलेलं होतं, गाणं कसं नोंदवायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मलाही कुणी शिकवलं नाही. म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकते. संगीताची पुस्तकं, स्वरलिपीच्या वह्या, तबकड्या आणि कॅसेटी सांभाळणाऱ्या माणसांना एकत्र बसवणारा संघ आपल्याकडे हवा. वेगळा काढणं जमत नसेल तर तुमच्या संघात एक कायमचा विभाग करा. गाणं कसं नोंदवायचं ते त्यानं ठरवावं, आणि कुठलं गाणं कुणाच्या कपाटात आहे याची सगळ्यांची मिळून एक तालिका (कॅटलॉग) करावी. बाकीची कामं त्यातून आपोआप निघतील.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गडहिंग्लजकडची एक मुलगी आमच्याकडे आली. सकाळच्या एस.टी.नं आली होती, पाठीवर दप्तर, हातात डबा. तिच्या बाईंनी तिला एक बंदिश सांगितली होती आणि बाईंनाच अंतरा आठवत नव्हता. मुलीजवळ मुखड्याची अर्धी ओळ आणि रागाचं नाव, एवढंच भांडवल. मी संगीताचं कपाट उघडून दिलं. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग आहेत आमच्याकडे, आणखी वीसएक स्वरलिपीची पुस्तकं, आणि दोन जुन्या देणगीदारांच्या हस्तलिखित वह्या. ती साडेअकराला बसली. मी देवघेव सांभाळत मधूनमधून बघत होते. अनुक्रमणिका असलेली पुस्तकं तिनं पटापट संपवली. नसलेली पानोपान उलटत राहिली. दुपारी डबाही तिनं कपाटाशेजारीच उघडला. साडेचारच्या सुमारास माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, यातलं काय कुठं हाय ते लिहिलेलं काहीच न्हाई काय?" मी नाही म्हटलं. ती सगळी पुस्तकं जिथल्या तिथे लावून निघून गेली.

चार महिन्यांनी वाळवी लागली म्हणून कपाट रिकामं करताना एका हस्तलिखित वहीत मला ती बंदिश दिसली, अंतऱ्यासकट, खाली मात्राही मांडलेल्या. मुलीचा फोन नंबर मी घेतलेला नव्हता.

ग्रंथालयाचं शास्त्र शिकलेल्या कुणालाही इथे चूक कुठे झाली ते कळेल. कादंबरीच्या पाठीवर जे नाव असतं तेच वाचक मागतो. बंदिशींच्या पुस्तकात दोनशे रचना असतात, पाठीवर नाव मात्र एकच, आणि त्या नावानं ते पुस्तक मागायला कुणी येत नाही. मागणारा मुखडा घेऊन येतो, नाहीतर राग घेऊन येतो, नाहीतर 'मोगूबाई म्हणायच्या ती' असं म्हणत येतो. आपल्या नोंदवहीत यांपैकी एकाही वाटेनं शिरता येत नाही.

ही अडचण एकट्या माझ्या वाचनालयाची नाही आणि नवीही नाही. अमेरिकेतले काही ग्रंथपाल अशाच अडचणींपायी १९३१ साली एकत्र आले आणि त्यांनी 'म्युझिक लायब्ररी असोसिएशन' काढली. १९३१ हेच साल ग्रंथालयशास्त्राचे आपले आचार्य रंगनाथन यांच्या पाच सूत्रांचं पुस्तक मद्रासला प्रसिद्ध झाल्याचं. दर १२ ऑगस्टला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे सूत्र मोठ्यानं म्हणतो, म्हणून हा योग मला विशेष वाटतो. त्या असोसिएशनजवळ सुरुवातीला फार काही नव्हतं. १९३४ मध्ये त्यांनी 'नोट्स' नावाचं पत्रक सुरू केलं, तेही चक्रमुद्रित. आपल्याकडे शाळेच्या प्रश्नपत्रिका निघायच्या तसं. पुढे ते छापील त्रैमासिक झालं आणि आजही निघतं. कुठलं नवं पुस्तक आलं, कुठली स्वरलिपी छापून निघाली, ती विश्वासार्ह आहे का, हे त्यात ग्रंथपालच ग्रंथपालांना सांगतात. पहिल्या दहा-बारा वर्षांतच त्यांनी संगीताच्या तालिकीकरणाचे नियम मांडायला घेतले. १९५१ मध्ये पॅरिसला संगीत ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि १९५२ पासून जगातल्या ग्रंथालयांत, चर्चमध्ये, खासगी वाड्यांत पडून असलेल्या हस्तलिखित आणि जुन्या छापील संगीताची सूची करण्याचं काम सुरू झालं. ते अजून चालूच आहे. ब्रिटनमध्ये १९५३ साली शाखा निघाली. तिकडे गावोगावच्या गायकवृंदांना एकाच रचनेच्या पन्नास-साठ प्रती लागतात. त्या विकत घेणं कुणालाच परवडत नाही. मग कुठल्या ग्रंथालयात कुठल्या रचनेचा किती प्रतींचा संच आहे याची तिथल्या ग्रंथपालांनी एक सामाईक तालिका करून ठेवली. संच एका गावातून दुसऱ्या गावी जातो, कार्यक्रम झाला की परत येतो. आपल्या भजनी मंडळांना आणि हौशी संगीत नाटक कंपन्यांना असं काही मिळालं तर काय होईल, याचा विचार करून बघा.

त्यांनी सोडवलेल्या प्रश्नांतला एक आपल्या फार कामाचा आहे. बीथोव्हनची एक रचना लोक 'मूनलाइट सोनाटा' म्हणून मागतात. ते नाव बीथोव्हननं दिलेलंच नाही. छापील प्रतीवर जर्मनमध्ये एक असतं, फ्रेंचमध्ये दुसरं, कुठे नुसता अनुक्रमांक. मग वाचकाला ती सापडायची कशी? तिकडच्या ग्रंथपालांनी ठरवलं की प्रत्येक रचनेचं एक नाव पक्कं करायचं आणि बाकीची सगळी नावं त्या नावाकडे बोट दाखवतील अशी नोंद करायची. ऐकायला साधं वाटतं. पण हे एकेकट्यानं करून चालत नाही. मी एक नाव पक्कं केलं, सांगलीच्या ग्रंथपालानं दुसरं, तर वाचक दोन्हीकडून रिकाम्या हातानं परत जाईल. सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं, आणि त्यासाठीच संघ लागतो.

आपलं काम त्यांच्यापेक्षा अवघड आहे, हेही मान्य करू. आमच्याच कपाटात एका पुस्तकात मालकंस आहे, दुसऱ्यात मालकौंस. एकात कानडा, दुसऱ्यात कान्हडा. जैजैवंती आणि जयजयवंती, बागेश्री आणि बागेसरी. अकारविल्हे लावलं तर एकच राग दोन ठिकाणी जाऊन बसतो. त्यातही आपण जयपूर-अत्रौली घराण्याच्या गावात राहतो. इथल्या गायकीत संपूर्ण मालकंस हा मालकंसाहून वेगळा आणि तो वेगळाच नोंदवायला हवा, हे तालिका करणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो दोन्ही एकाच ठिकाणी घालणार आणि आपण मोठी व्यवस्था लावली असं समजणार.

मग मुद्रा. बंदिशीत रचनाकार आपलं नाव सरळ घालत नाही, टोपणनाव घालतो. 'सदारंग' म्हणजे नियामत खाँ, 'प्रेमपिया' म्हणजे आग्र्याचे फैयाज खाँ, 'चतुर' म्हणजे भातखंडे, आणि 'अहमदपिया' म्हणजे आपले अल्लादियाखाँसाहेब. गाणाऱ्याला हे तोंडपाठ असतं. ग्रंथपालाला कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे खाँसाहेबांनी बांधलेली चीज आमच्या पुस्तकात छापलेली असते आणि तरीही खाँसाहेबांच्या नावाखाली आमच्याकडे काहीच सापडत नाही. मुद्रा आणि माणसं यांची चार-सहा पानी यादी जाणकारांकडून एकदा तपासून घेऊन गावोगावच्या वाचनालयांना पाठवली, तर मराठी मुलखातल्या शेकडो कपाटांतल्या बंदिशींना त्यांचे रचनाकार परत मिळतील. हे काम करायला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. चार माणसं एका खोलीत दोन दिवस बसायला हवीत.

तबकड्यांची गोष्ट निराळी. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजाननं गाणं मुद्रित केलं तेव्हा गाणं संपताना तिनं इंग्रजीतून आपलं नाव सांगितलं. तबकड्या छापायच्या जर्मनीत. तिथल्या माणसाला लेबलवर नाव कुणाचं घालायचं हे कळावं, म्हणून ही रीत. तेव्हाच्या किती तरी गायिका अशा शेवटी नाव सांगतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईनं आपली दाखलनोंद आपणच करून ठेवली. आपल्याला फक्त ती उतरवून घ्यायची होती.

केसरबाई केरकरांच्या तबकडीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहां हो'. केसरबाई म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. हे गाणं घ्यावं असं सुचवणाऱ्या अभ्यासकाला ते गाणं माहीत होतं. पण तबकडी कुठेच मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. अमेरिकेसारख्या देशात, इतकी ग्रंथालयं असताना, केसरबाईंचा आवाज टेबलाखालच्या खोक्यात होता. ते खोकं रद्दीत गेलं असतं तर? या गोष्टीचा सगळ्यांना अभिमान वाटतो. मला मात्र दर वेळी ते खोकंच दिसतं, कारण तसली खोकी मी इथे माळ्यांवर पाहिली आहेत.

खुद्द खाँसाहेबांचं गाणं ऐकायला आपल्याकडे तबकडीच नाही. १८९५ मध्ये ते शाहू महाराजांच्या दरबारी आले, कोल्हापूरला एवढी वर्षं राहिले, पण ध्वनिमुद्रणाला ते तयार झाले नाहीत. त्यांच्या आयुष्याबद्दल त्यांच्या तोंडून जे काही आपल्याला मिळतं ते नातवानं, अझीझुद्दीनखाँसाहेबांनी, लिहून घेतलं म्हणून. गाण्याकडे जायची वाट शिष्यपरंपरेतून जाते : मंजीखाँ, भुर्जीखाँ, केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर. त्या वाटेवरच्या तबकड्या, वह्या आणि खासगी बैठकींच्या टेपा कुणाकुणाकडे आहेत हे एका जागी लिहिलेलं नाही. हे लिहिण्याचं काम कोल्हापूरनं करायचं नाही तर कुणी?

आता एक गोष्ट सांगते जी सांगताना मला आजही वाईट वाटतं. आमच्या ६१ तबकड्यांवर वर्षानुवर्षांची धूळ आणि बुरशी होती. आमच्याकडे सुट्टीत मदतीला येणाऱ्या एका मुलानं त्या स्वच्छ करायला घेतल्या. मीच सांगितलं होतं. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसतात हे मी लहानपणी घरी पाहिलेलं, म्हणून कापूस आणि स्पिरिटची बाटली मीच आणून दिली. पहिल्या तबकडीवर बोळा फिरला आणि काळा रंग कापसाला आला. आम्हांला वाटलं मळ निघतोय. चार तबकड्या झाल्यावर लक्षात आलं की चकाकी गेली, बोटाला चिकट लागतंय. त्या वेळी वाचनालयात खिडक्यांचं काम करणारे सुतार होते. ते लांबूनच म्हणाले, "अहो मॅडम, लाखेला स्पिरिट लावताय व्हय? आम्ही चपडी लाख स्पिरिटमधीच विरघळवून पॉलिश करतोय की."

खरं होतं. जुन्या ७८ गतीच्या तबकड्या लाखेच्या असतात. ती लाखही मुख्यतः आपल्याच देशातून जगभर जायची. प्लास्टिकच्या नंतरच्या तबकड्यांना जे चालतं ते यांना चालत नाही. त्या चार तबकड्यांवरची आठ गाणी माझ्या अज्ञानापायी गेली. जी गोष्ट सुताराला ठाऊक होती ती ग्रंथपालाला ठाऊक नव्हती, कारण आमच्या प्रमाणपत्र वर्गात पुस्तकाच्या वाळवीवर धडा होता आणि तबकडीवर ओळसुद्धा नव्हती. तबकड्या आडव्या एकावर एक रचायच्या नाहीत, उभ्या ठेवायच्या, हेही मला त्यानंतर कळलं. तोवर गठ्ठ्यातल्या खालच्या दोन तडकल्या होत्या.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. दुधाळीच्या बाजूला राहणाऱ्या एका हार्मोनियम शिक्षकांच्या घरात कमरेएवढं पाणी चार दिवस होतं. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांनी चाळीस वर्षं लिहिलेल्या चिजांच्या वह्या कॉटखाली पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. पाणी ओसरल्यावर त्यांच्या सूनबाईंनी मला फोन केला. आम्ही दोघींनी त्या वह्या गच्चीत उन्हाला घातल्या, पानं सुटी करायला गेलो तर ती लगद्यासारखी हातात येत होती. दोन दिवसांत हिरवी बुरशी चढली. शाईनं लिहिलेले बोल वाहून गेले होते, निळे ढग झाले होते सगळ्या पानावर. पण सरांची सवय अशी की बोल शाईनं लिहायचे आणि वर स्वर शिसपेन्सिलनं मांडायचे. शिसपेन्सिल पाण्याला दाद देत नाही. त्यामुळे कित्येक पानांवर नुसते स्वर उरले आहेत, खाली शब्द नाहीत. त्या वह्या आता आमच्याकडे आहेत. कुणी गाणारं आलं तर मी ते पान पुढे करते. दोनदा असं झालंय की स्वर गुणगुणताच समोरच्याला शब्द आठवले आणि त्यांनी ते खाली लिहून दिले.

ओले कागद अठ्ठेचाळीस तासांच्या आत गोठवून ठेवले तर बुरशी थांबते, शाई आणखी पसरत नाही, आणि मग सवडीनं थोडेथोडे काढून वाळवता येतात. हे मला फार उशिरा समजलं. दुधाच्या धंद्यामुळे कोल्हापुरात थंडाव्याच्या खोल्या आहेत. कुणी सांगणारं असतं तर त्या चार-पाच वह्यांसाठी एक कोपरा मिळाला नसता का? २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पुढेही येईल. आपत्तीत कुणाला फोन करायचा याची यादी पोलीसपाटलाकडे असते, दवाखान्यात असते. ग्रंथालयांसाठी ती संघानं करायची असते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो, मोठमोठी माणसं रडत होती. १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर पुन्हा उभं करता येईल, कारण त्याची मापं आहेत, छायाचित्रं आहेत, आत वावरलेली हजारो माणसं आहेत. त्या रात्री घरी येऊन मी पहिलं काम काय केलं असेल तर कपाटाशेजारचं विजेचं बटण बंद केलं का ते आठवत बसले.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की हे सगळं आता यूट्यूबवर आहे. बरंच आहे, आणि ज्यांनी पदरमोड करून तिथे चढवलंय त्यांचे उपकारच आहेत. पण तिथे तबल्यावर कोण आहे हे नसतं, साल नसतं, रागाचं नाव ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी सुचवलेलं असतं, आणि एका सकाळी ते गाणं तिथून गेलेलं असतं. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था आहे, १९८२ साली स्थापन झालेलं लोकसंगीत-शास्त्रीय संगीताचं मोठं संशोधन संग्रहालय आता गुरुग्रामला आहे, संगीत नाटक अकादमीचा संग्रह आहे. या लोकांनी तबकडीच्या लेबलजवळ कोरलेला बारीक क्रमांक कसा वाचायचा, त्यावरून मुद्रणाचा काळ कसा काढायचा हे सगळं बसवलेलं आहे. आपण ग्रंथपाल त्यांच्या दारात गेलो नाही, एवढंच झालं.

दुसरी अडचण कायद्याची काढली जाते. तीही बघितली आहे मी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजायचे असतात, तेवढं भान ठेवावं लागतं. २०१२ च्या दुरुस्तीनं तर कलम ५२ मध्ये स्पष्ट सोय केली आहे : नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल, तर जतनासाठी ती संगणकावर साठवून ठेवता येते. आमच्या कार्यकारिणीत 'नको ती भानगड' म्हणून हा विषय तीनदा मागे पडला. संघानं दोन पानांचं मराठी परिपत्रक काढलं असतं तर पहिल्याच वेळी ठराव झाला असता.

सगळ्यात काळजी वाटते ती निर्लेखनाची. कपाटं भरली की यादी करायची, ठराव करायचा आणि जुनं काढून टाकायचं, हे आपल्या सगळ्यांना करावं लागतं. त्या यादीत आधी काय जातं ते तुम्हीही पाहिलं असेल : देवघेव शून्य असलेली पुस्तकं. स्वरलिपीचं पुस्तक घरी कोण नेतं? लोक ते वाचनालयातच बसून उतरवून घेतात, त्याची नोंद कुठे होत नाही, म्हणून देवघेव शून्य दिसते. एका गावात (नाव लिहीत नाही) अशा यादीतून नाट्यपदांची स्वरलिपीची पुस्तकं किलोवर गेली. मी पोचले तेव्हा रद्दीवाल्याकडे एक उरलं होतं. ते मी पंधरा रुपयांना घेतलं. संगीताचं कुठलंही पुस्तक, वही, तबकडी निर्लेखनात टाकण्यापूर्वी एका जाणत्या माणसानं बघितलंच पाहिजे, एवढा एक नियम तुम्ही सुचवलात तरी पुष्कळ वाचेल.

सुरुवात कोल्हापुरातून करा, अशी माझी विनंती आहे. आमच्या गावाबद्दलच्या प्रेमानं म्हणते आहे हे खरं, पण कारणंही आहेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. गायन समाज देवल क्लब १८८३ चा. गोविंदराव टेंबे इथले, प्रभात फिल्म कंपनी इथे सुरू झाली, आणि पहिल्या मराठी बोलपटाला टेंब्यांनी चाली दिल्या त्याही इथेच. विद्यापीठात संगीताचा विभाग आहे. आणि भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९४५ साली कुठे झाला? कोल्हापूर संस्थानात. मद्रासच्या तीन वर्षं आधी, महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याच्या बावीस वर्षं आधी. संस्थान असताना या गावाला जे सुचलं होतं, त्याचा पुढचा भाग इथूनच सुचावा असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या बैठकीला फार माणसं नकोत. कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी, सातारा इथल्या वाचनालयांतले आणि संगीत संस्थांतले जे कुणी प्रत्यक्ष कपाटाच्या किल्ल्या सांभाळतात ते यावेत. अध्यक्ष, सचिव नाही आले तरी चालेल. दोन-तीन गाणारे, एक-दोन संग्राहक, आणि मिरजेचे तंतुवाद्य बनवणारे कुणी येणार असतील तर फारच बरं. येताना प्रत्येकानं आपल्या संग्रहातल्या वीस गोष्टींची नोंद करून आणावी, जशी जमेल तशी. कुणी मुखड्यावरून लावली असेल, कुणी रागावरून, कुणी गायकावरून. मग टेबलावर सगळ्या मांडू आणि एक पद्धत ठरवू. संगणकावरचा साधा तक्ताही पुरेल. सुरुवातीला त्या १९३४ च्या मंडळींजवळ तर चक्रमुद्रण यंत्रच होतं. आमच्या वाचनालयाची वरची खोली रविवारी मोकळी असते. चहा-नाश्त्याचं मी बघते. जागा, तारीख तुम्ही म्हणाल ती.

गडहिंग्लजकडच्या त्या मुलीच्या बाई हे पत्र वाचत असतील तर त्यांना सांगते : बंदिश सापडली आहे. अंतरा पूर्ण आहे. पान झेरॉक्स करून पाकिटात घालून माझ्या खणात ठेवलंय.

आपली,
एक ग्रंथपाल, कोल्हापूर

ता. क. आमच्या उरलेल्या ५७ तबकड्यांपैकी ५४ ची नोंद मी गेल्या वर्षभरात संग्राहकांच्या मदतीनं पूर्ण केली. तिघींची लेबलं ओलीनं गेली आहेत. त्यांतल्या एकीवर बाईचा आवाज आहे, साथीला हार्मोनियम आणि सारंगी, राग भीमपलास वाटतो. शेवटी ती नाव सांगते, पण नेमकी तिथेच तडा आहे आणि सुई उडते. नावाचा शेवट 'कर' असा ऐकू येतो. ज्यांना ओळखता येईल त्यांनी कृपया येऊन ऐकावी. वाचनालय सोमवारी बंद असतं.